मिठाचा चक्का

भूक लागावी म्हणून आधी थोडं खायचं असतं, हे मला लग्नानंतर कळलं. आणि खरं सांगायचं तर ते मला अजूनही पटलेलं नाही. माझ्या माहेरी भूक शेतावरून माणसाबरोबरच घरी यायची. तिला जागं करायला कुणाला काही करावं लागत नव्हतं. पण माझ्या नवऱ्यानं आपलं सगळं आयुष्य त्या जेवणाआधीच्या एका घासावर बेतलं होतं. शेवटी त्या घासानंच त्यांना संपवलं, असं मी म्हणते. लोक दम्यानं गेले म्हणतात.

हे कोल्हापूर संस्थानच्या पाहुण्यांच्या बंगल्यावर बटलर होते. बंगल्यावर गोरे साहेब, दुसऱ्या संस्थानांतले बडे लोक, शिकारीला आलेले पाहुणे उतरत. स्वयंपाक गोव्याचा एक आचारी करायचा आणि टेबल ह्यांच्या ताब्यात असायचं. कुठला काटा कुठं ठेवायचा, कुणाला आधी विचारायचं, हे ह्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. त्यातही ह्यांचा जीव होता तो जेवणाआधीच्या खाण्यावर. परदेशी डब्यातलं चीज, लोणी, साय आणि मोहरी एकत्र करून आचारी ते असं फेसायचा की भांडं भरलेलं दिसावं आणि उचलावं तर हलकं लागावं. मग पावाच्या रुपयाएवढ्या भाजलेल्या चकतीवर त्याचा एक शेंडा काढायचा. पाहुणे व्हरांड्यात पेले घेऊन उभे असताना हे ताट घेऊन फिरायचे. ताट समोर धरायचं, क्षणभर थांबायचं आणि पुढं सरकायचं. 'घ्या' म्हणायचं नाही, आग्रह तर नाहीच नाही. आग्रह केला नाही तर पाहुणा खाईल कसा, असं मी एकदा विचारलं. हे हसले आणि म्हणाले की तेच तर कसब आहे. त्याचं पोट भरायचं नाही, त्याला फक्त जेवावंसं वाटायला लावायचं.

मला हे सगळं थोतांड वाटायचं. पण संध्याकाळी पांढरा कोट घालून, कमरेला पट्टा आवळून, फेटा बांधून हे सायकलवर बसले की गल्लीतली माणसं बाजूला व्हायची, आणि ते मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

मग संस्थान विलीन झालं. बंगल्यावरची काही माणसं नव्या सरकारात घेतली, काही घरी पाठवली. ह्यांना कुठं घेणार? कचेरीत टेबलं होती, पण त्यांवर कागद होते. गोव्याचा आचारी आपल्या गावी निघून गेला. जाताना त्यानं ह्यांना चीजचा एक बंद डबा दिला, किल्लीनं उघडायचा, निळ्या कागदाचा. ह्यांनी तो फडताळात वरच्या फळीवर ठेवला आणि वेळ येईल तेव्हा काढू म्हणाले. वेळ यायचीच, ह्याबद्दल ह्यांच्या मनात तेव्हा शंका नव्हती.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या. मूलबाळ नाही. मी लोकांच्या घरी पापड लाटायला, लग्नामुंजीचं करायला जायला लागले. हे रोज सकाळी दाढी करून बाहेर पडायचे. लक्ष्मीपुरीतल्या एकेका हॉटेलात जाऊन विचारायचे. एका हॉटेलवाल्यानं त्यांना मिसळीच्या बशा किती नेता येतील हे दाखवायला सांगितलं. हे परत आले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून घरात माझं ताट मांडायला लागले. पाण्याचा तांब्या उजवीकडं, भाकरीची दुमड माझ्याकडं तोंड करून. एक दिवस मी वैतागून म्हणाले की ताट सरळ आहे, ताटात काय आहे ते बघा. पुढं बरेच दिवस आम्ही एकमेकांशी धड बोललो नाही. अशी दीड-दोन वर्षं गेली असतील. माणूस घरात बसून बसून कसा विझतो, ते मी पाहिलंय. आधी आवाज जातो, मग पाठ वाकते, मग तो दारातून आत येताना उगीचच खाकरतो, आपण आलोय हे कुणाला तरी कळावं म्हणून.

तेवढ्यात शाहूपुरीतले एक गूळवाले व्यापारी भेटले. गुळात चांगलं बस्तान बसलेलं, आता लोखंडाचा कारखाना काढायचा होता. नागाळा पार्कात त्यांनी नवा बंगला बांधला होता, मुंबईच्या यंत्रवाल्या साहेबांना उतरवायला. त्यांना कुणीतरी ह्यांचं सांगितलं. मालकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले की एक संध्याकाळ करून दाखवा, जमलं तर बंगला तुमच्या हवाली. हे घरी आले ते जवळजवळ पळतच. कोट काढला, मला उसवलेली शिवण घालायला लावली, बटणं स्वतः चिंचेनं घासली. मला म्हणाले, "आता बघ." एवढंच म्हणाले, पण आवाज पूर्वीचा होता. मला रडू यायला लागलं, म्हणून मी मागच्या दारी जाऊन भांडी घासत बसले.

दोन दिवस आधी ह्यांनी फडताळातून तो निळा डबा काढला. किल्ली गंजून तुटली. मग अडकित्त्यानं टोचून टोचून झाकण उघडलं. आतमध्ये कडेनं काळं पडलेलं, मधे वाळून भेगाळलेलं काहीतरी होतं, आणि वास असा की शेजारणीनं खिडकी लावून घेतली. हे डब्यात बघत राहिले. दारूबंदी झालेली, साहेबलोक गेलेले. शहरात चीजचा डबा मिळेल असं एकही दुकान आम्हांला माहीत नव्हतं.

मग हे म्हणाले की आपण दूध फाडू. लिंबू पिळायचं, दूध फाटलं की फडक्यात बांधायचं, दाबायचं, झालं चीज. मी नाही म्हणाले. कोल्हापुरात दारात म्हैस येते, गवळी तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतो, आणि ते धारोष्ण दूध तुम्ही हातानं नासवायचं? आपोआप नासलं तरी बायका गुपचूप तुळशीत ओततात आणि दिवसभर मनातून घाबरलेल्या असतात. मुद्दाम दूध फाडणाऱ्या घराचा रतीब आमच्या गवळ्यानं दुसऱ्या दिवशी बंद केला असता, म्हशीला बाधतं म्हणून. आणि इतक्या दिवसांनी ह्यांच्या नशिबानं जरा तोंड वर काढलं होतं. नेमक्या त्याच वेळी मी माझ्या चुलीवर दूध नासवणार नव्हते. ह्यांनी वाद घातला, चिडले. मी म्हणाले, चक्का लावते. दह्याचा चक्का तर आपलाच आहे, त्यात पाप नाही.

म्हशीच्या दुधाचं दही लावलं, फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चक्का कोरडा निघाला. तो फडक्यातून घासून गाळला, श्रीखंडाला गाळतात तसा. परातीत लोणी घेतलं आणि तळहातानं फेसायला बसले. हे शेजारी उभे राहून म्हणाले, "हातानं?"

"मग काय पायानं?" मी म्हणाले.

लोणी पांढरं झालं, फुगलं, हाताला लागेनासं झालं, तेव्हा त्यात चक्का थोडा थोडा घालत गेले. मीठ, मिरपूड, दगडावर वाटून फेसलेली मोहरी, लसणाचा नुसता वास. हे बोटानं चाखायचे आणि म्हणायचे, जड आहे. मी पुन्हा फेसायची. पुन्हा चाखायचे, पुन्हा जड. माझ्या दंडात गोळे आले. परात गार पाण्यात ठेवली, माठाला ओलं फडकं गुंडाळून त्यातल्या गार पाण्यानं ते पुन्हा पुन्हा बदललं. दुपार झाली तेव्हा कुठं ह्यांनी चाखलं आणि पुन्हा एकदा चाखलं. मग म्हणाले, "हेच ते." माझा पिठासारखा पांढरा झालेला हात त्यांनी आपल्या हातात घेतला. भर दुपारी, दार उघडं असताना. आमच्या लग्नात तसं त्याआधी कधी झालं नव्हतं, नंतरही झालं नाही.

संध्याकाळी मी बंगल्याच्या स्वयंपाकघरात मागच्या बाजूला बसले. ह्यांनी पावाच्या चकत्या वाटीनं कापून तव्यावर तुपात भाजल्या होत्या. फडक्याच्या पुरचुंडीला भोक पाडून मी एकेका चकतीवर शेंडा काढत होते, हे त्यावर कोथिंबिरीचं एकेक पान ठेवत होते. बाहेर दिवाणखान्यात मुंबईचे साहेब आणि मालकांचे भाऊबंद मिळून बरीच माणसं होती. हातात लिंबाच्या सरबताचे पेले. तांबडा रस्सा चुलीवर उकळत होता. तो नंतर यायचा होता, टेबल मांडून झाल्यावर.

हे ताट घेऊन बाहेर गेले. मी दाराच्या फटीतून बघत होते. पाठ ताठ, डावा हात मागं, ताट छातीच्या उंचीवर. पहिल्या साहेबासमोर थांबले. त्यानं एक चकती उचलली. ह्यांनी मान किंचित लववली आणि पुढं सरकले. माझ्या नवऱ्याला काम करताना मी पहिल्यांदाच बघत होते. तोपर्यंत थोतांड म्हणत आले होते. त्या दिवशी मला कळलं की हा माणूस ह्यात खरोखर मोठा आहे.

ताट मालकांच्या थोरल्या चुलत्यांसमोर आलं. म्हाताऱ्यानं चकती उचलली, तोंडात टाकली आणि दुसरीसाठी हात पुढं केला, तोवर ताट निघून गेलं होतं. त्याचा हात तसाच राहिला. ते मालकांनी पाहिलं. त्यांचा चेहरा पडला. घरात आलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा हात रिकामा राहिला होता आणि तो चारचौघांनी पाहिला होता. कोल्हापूरच्या माणसाला याहून मोठी बेअब्रू नाही. ते उठून ह्यांच्याजवळ आले.

"अवो, पावण्यांस्नी ह्ये एवढंस्सं वाढताय व्हय?"

ह्यांनी खालच्या आवाजात समजावलं की मालक, हे भूक जागी करण्यापुरतंच असतं. मालक म्हणाले, "भूक जागीच हाय की. लांबनं आल्यात माणसं."

आणि ते स्वतः आत आले. परातीत बघितलं, बोट बुडवून चाखलं आणि मला म्हणाले की एवढा चक्का आत झाकून ठेवलाय आणि बाहेर दाणे टिपायला देताय. त्यांनी गड्यांना हाक मारली, वाट्या भरायला लावल्या, पंगतच मांडायला लावली. रस्साही त्याच वेळी आणवला. टेबल तसंच राहिलं, त्यावरचे काटे-चमचे कुणी हलवलेसुद्धा नाहीत. माणसं खाली बसली, वाटीतला तो फेसलेला खारा चक्का भाकरीवर घेतला, तांबड्यात कालवला, आणि वाहवा सुरू झाली. तिखटावर तो फार छान लागतो, हे खरंच आहे. मी नंतर घरी चाखून पाहिलं. मुंबईचे साहेबसुद्धा वाट्या पुढं करत होते.

हे भिंतीशी उभे होते. हातात ताट होतं, ताटात उरलेल्या चकत्या होत्या. कुणीतरी पाणी मागितलं तेव्हा ह्यांनी पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी दोघांनाही बोलावलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, मला त्याला शिव्या तरी देता आल्या असत्या. ह्यांना म्हणाले, "तुमी लई शिस्तीचं माणूस. पर आमच्यात माणसं जेवायला येत्यात वो." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "वयनींस्नी मातर धाडून देत जावा. हात चांगला हाय त्यांचा."

रस्ताभर हे माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. घरी आल्यावर मी म्हणाले की मी जाणार नाही. हे कोटाची घडी घालत होते. म्हणाले, "जा. चूल पेटायला पाहिजे." मला राग आला होता. मालकांचा आला होता, ह्यांचाही आला होता, की हा माणूस भांडत का नाही? ताट आपटून बाहेर का पडला नाही? पण भांडायचं कुणाशी? कुणी काही वाईट केलंच नव्हतं. लोकांना ते आवडलं होतं. ह्यांना जे येत होतं ते कुणाला नको होतं, एवढंच, आणि त्याला कुणाकडं दाद मागायची ते मला आजही कळत नाही.

मी जाऊ लागले. पंगत असली की माझ्या नावाची बोलावणी यायची. त्या बंगल्यात त्याला मिठाचा चक्का म्हणत, मग शाहूपुरीत म्हणायला लागले, मग मी दुसऱ्यांच्या लग्नांतही तो फेसून आले. सुरुवातीला मी परत आले की हे विचारायचे, हलका झाला होता का? मी हो म्हणायची. बाकीचं ते विचारत नव्हते आणि मी सांगत नव्हते. पुढं तेही विचारणं थांबलं. सकाळची दाढी दोन दिवसांआड गेली. दिवसभर रंकाळ्याच्या काठावर बसून राहायचे, अंधार पडला की खाकरत घरात यायचे. पांढरा कोट अंगाला ढगळ व्हायला लागला हे मला वर्षातून एकदा कळायचं, ते तो घालून बघायचे तेव्हा.

कारखाना उभा राहिला. यंत्रं बसवायला विलायतेहून दोन गोरे साहेब येणार आहेत, त्यांना बंगल्यावर मोठं जेवण आहे, असं मी घरी सहज बोलले. हे अंथरुणावर पडून होते. ऐकून उठून बसले. म्हणाले, गोरे म्हणजे? खरे गोरे? मी हो म्हणाले आणि कामाला निघून गेले. ह्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हा कळायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मला नाही कळलं. मला त्या दिवशी मोठी परात फेसायची होती.

संध्याकाळी पंगती बसल्या. मालक दारात उभे राहून माणसं आत घेत होते. मी पळी आणि पातेलं घेऊन बाहेर आले आणि मला हे दिसले. धोतर, काळी टोपी, दाढी केलेली, हनुवटीवर कापलेलं. काखेत वर्तमानपत्रात बांधलेला कोट. गोऱ्या साहेबांसमोर टेबल मांडायला माणूस लागेल, निदान आज तरी लागेल, म्हणून आले होते. हे मला न सांगता समजलं.

मालकांनी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी नमस्कार केला, काही बोलायला तोंड उघडलं. मालकांनी ओळखलं नाही. कोटात, फेट्यात पाहिलेला माणूस, आणि त्यालाही आता वर्षं झाली होती. मालकांनी हसून ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"या की पावणं, उशीर केलासा. बसा हितं."

मागून माणसं येत होती. हे पुढं ढकलले गेले आणि एका रिकाम्या पाटावर बसले. पुडकं मांडीखाली सरकवलं. समोरच्या ओळीत ते दोन गोरे साहेब होते. एकाला मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय लांब करून बसला होता. दोघंही हातानं जेवत होते, तांबडा रस्सा मनगटापर्यंत आला होता, आणि दोघंही खळखळून हसत होते. हे त्यांच्याकडं बघत राहिले. मग खाली आपल्या पानाकडं बघायला लागले.

ओळीत थांबता येत नाही. एकेका पानावर वाढत मी ह्यांच्यापर्यंत आले. मालक पाठीमागून फिरत होते. मला म्हणाले, "बाई, ह्या पावण्यांस्नी भरून वाढा. काय खाईनात बगा."

मी पळी भरली. ह्यांनी पानावर आडवा हात धरला आणि मान वर न करता म्हणाले, "पुरे, बाई."

पानावर बसलेला हा पाहुणा म्हणजे माझा नवरा, हे त्यांना त्या बंगल्यात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझ्यासाठी की स्वतःसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

मालक हसले. "अवो घ्या की. लाजताय कशाला?"

ह्यांनी हात बाजूला घेतला. मी वाढलं. ते सगळं त्यांनी खाल्लं, पान बोटानं पुसून खाल्लं, आणि मी पुढच्या पानाकडं गेले.